हृदयाची थरथर थांबवणारे इंजिनिअर : प्रा. विल्यम कोवेनहोवन

आपल्या गावात वीज प्रथम आली तो दिवस आठवणारी वडीलधारी माणसे अजून आपल्यात आहेत. कंदिलाची काच पुसायचे काम सुटले, मुलांना रात्री अभ्यासाला उजेड मिळाला, मशिदीत पंखे लागले. पण त्याच विजेने एखाद्या घरातला कर्ता मुलगा एका क्षणात नेला, अशाही हकिगती आपण ऐकल्या आहेत. कुणी ओल्या हाताने उघड्या वायरला स्पर्श केला, कुठे कपडे वाळत घालायच्या तारेत प्रवाह उतरला, कुणी लोकलच्या टपावर चढला, आणि झालेला प्रकार सांगायला तो उरला नाही. वीज माणसाला मारते म्हणजे नेमके काय करते? आणि तिने बंद पाडलेले हृदय पुन्हा चालू करता येते काय? या दोन प्रश्नांचा ज्यांनी निम्मे आयुष्य पाठपुरावा केला, त्या प्राध्यापक विल्यम बेनेट कोवेनहोवन यांची ओळख आपल्या विद्यार्थी मित्रांना करून द्यावी, हा या लेखाचा हेतू आहे. विशेष म्हणजे हे गृहस्थ डॉक्टर नव्हते. ते विजेचे इंजिनिअर होते.

बालपण आणि विजेच्या गाड्या

कोवेनहोवन यांचा जन्म १३ जानेवारी १८८६ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. त्यांचे आडनाव मूळचे डच आहे. ज्या काळात ते वाढले तो काळ विजेच्या नव्या नवलाईचा होता. १८७९ साली बर्लिनच्या प्रदर्शनात वेर्नर फॉन सीमेन्स यांनी विजेवर चालणारी छोटी आगगाडी लोकांना दाखवली होती. पुढच्या पंधरा वर्षांत हे वेड अमेरिकेत पोहोचले आणि ब्रुकलिनच्या रस्त्यांवरून घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्रॉली धावू लागल्या. या गाड्या इतक्या वेगाने येत की त्यांना चुकवत रस्ता ओलांडणे हा ब्रुकलिनकरांचा नित्याचा प्रसंग झाला. तिथल्या प्रसिद्ध बेसबॉल संघाचे डॉजर्स, म्हणजे चुकवणारे, हे नावही त्यातूनच पडले.

या ट्रॉली सुमारे सहाशे व्होल्टच्या डी.सी. विजेवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहावर, चालत. १९०४ साली न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे सुरू झाली. तिच्यात रुळांच्या शेजारी आणखी एक, तिसरा रूळ टाकून त्यातून वीज पुरवली गेली. १९०७ साली न्यूयॉर्कजवळच्या न्यू हेवन रेल्वेने वेगळीच वाट धरली. तिने डोक्यावरच्या तारेतून अकरा हजार व्होल्टचा ए.सी. प्रवाह घेतला. ए.सी. म्हणजे सेकंदाला अनेक वेळा दिशा बदलणारा प्रवाह. ए.सी. चांगला की डी.सी. चांगला, हा त्या काळातला मोठा वाद होता. एडिसन यांचा पक्ष डी.सी.चा, तर वेस्टिंगहाऊस यांचा ए.सी.चा. कोणता प्रवाह अधिक जीवघेणा, यावरही दोन्ही बाजूंनी पुष्कळ आरडाओरड झाली. १८९० साली न्यूयॉर्क राज्यात विजेच्या खुर्चीवर पहिला देहदंड दिला गेला, तो ए.सी. विजेने. वाद असा रंगला, परंतु विजेने माणूस मरतो तो कशाने, याचे शास्त्रीय उत्तर मात्र कोणत्याच पक्षापाशी नव्हते.

कोवेनहोवन यांनी ब्रुकलिनच्या पॉलिटेक्निक संस्थेतून १९०६ साली इंजिनिअरिंगची पदवी घेतली. उच्च शिक्षणासाठी ते जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे गेले आणि १९१३ साली तेथून डॉक्टरेट मिळवली. कार्ल्सरूहे हे बाडेन राज्याचे राजधानीचे शहर. त्याच सुमारास, १९१२ साली, प्रशिया, बव्हेरिया आणि बाडेन येथील रेल्वे संस्थांनी एक करार केला आणि पंधरा हजार व्होल्टचा, पण कमी गतीने दिशा बदलणारा ए.सी. प्रवाह सर्वांनी वापरावा असे ठरवले. त्या वेळच्या रेल्वे मोटारींना नेहमीचा पन्नास आवर्तनांचा प्रवाह सोसत नसे, म्हणून सेकंदाला सोळा आणि दोन तृतीयांश आवर्तने असा प्रवाह निवडला गेला. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या मुख्य रेल्वेमार्गांवर आजही तीच पद्धत चालू आहे.

बाल्टिमोरला आगमन

१९१४ साली कोवेनहोवन बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकवू लागले आणि मग ते शहर त्यांनी सोडले नाही. विजेच्या इंजिनिअरला हे शहर शोभण्यासारखेच होते. शहराच्या पोटातून जाणाऱ्या लांब बोगद्यात वाफेच्या इंजिनांचा धूर कोंडत असल्याने १८९५ साली तेथे विजेची इंजिने आणली गेली होती. मुख्य रेल्वेमार्गावर विजेचे इंजिन लावण्याचा अमेरिकेतला तो पहिला प्रयोग. पुढे १९३५ साली न्यूयॉर्क ते वॉशिंग्टन हा बाल्टिमोरवरून जाणारा मार्ग अकरा हजार व्होल्टच्या ए.सी. विजेवर धावू लागला.

जिथे तिथे तारा पसरल्या, तसे तारांवर काम करणारे लाईनमनही वाढले. आणि ते मरू लागले. खांबावर चढलेला धडधाकट तरुण धक्का बसून कोसळे. अंगावर भाजल्याची खूण कधी असे, कधी नसेही. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कच्या वीज कंपनीला या मृत्यूंची चिंता वाटू लागली. रॉकफेलर संस्थेमार्फत काही विद्यापीठांना संशोधनासाठी पैसे देण्यात आले. जॉन्स हॉपकिन्समध्ये हे काम मेंदूचे तज्ज्ञ लँगवर्दी, शरीरशास्त्रज्ञ हूकर आणि इंजिनिअर कोवेनहोवन अशा मंडळींकडे आले. वैद्यकीय माणसांनी शरीर पाहावे आणि इंजिनिअरने प्रवाह मोजावा, अशी ही वाटणी होती. परंतु कोवेनहोवन आपल्या मीटरांपाशी बसून राहिले नाहीत. हृदय कसे चालते हे ते विद्यार्थ्यासारखे शिकू लागले.

हृदय कसे थांबते?

आपले हृदय हा एक स्नायूंचा पंप आहे. आपल्या इतिहासातील थोर हकीम इब्न अन्‌-नफीस यांनी तेराव्या शतकातच हृदयातून फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्ताचा मार्ग वर्णिला होता. पण या पंपाला चालवणारा इशारा विजेचा असतो, हे पुष्कळ नंतर कळले. हृदयाच्या वरच्या कप्प्यातील एका लहानशा गाठीतून ठराविक वेळाने अगदी क्षीण असा विजेचा इशारा निघतो आणि हृदयाचे सर्व तंतू एका शिस्तीत आवळतात. मिनिटाला सुमारे सत्तर वेळा ही क्रिया घडते.

बाहेरचा प्रवाह छातीतून गेला की ही शिस्त मोडते. प्रत्येक ठोक्यानंतर एक अगदी छोटा काळ असा असतो की तेव्हा हृदयाचे काही तंतू नव्या इशाऱ्याला तयार झालेले असतात आणि काही नसतात. नेमका त्या वेळी बाहेरून इशारा आला, तर तंतू आपापल्या मर्जीने आकुंचन पावू लागतात. हृदय ठोका न देता पिशवीतल्या किड्यांसारखे नुसते वळवळत, थरथरत राहते. रक्त पुढे जात नाही. या थरथरीला डॉक्टर फिब्रिलेशन म्हणतात. काही सेकंदांत माणूस बेशुद्ध होतो, आणि चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा पोहोचू लागते. मनुष्याचे हृदय ही थरथर आपण होऊन सहसा थांबवत नाही.

आता प्रवाह किती लागतो ते पाहा. विद्यार्थ्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत. घरातल्या ए.सी. विजेचा एक मिलिअँपिअर प्रवाह अंगातून गेला तर मुंग्या आल्यासारखे वाटते. दहा ते पंधरा मिलिअँपिअरला हाताचे स्नायू असे आवळतात की धरलेली वायर सोडता येत नाही. आपण म्हणतो की विजेने धरून ठेवले, ते हेच. शंभर मिलिअँपिअरच्या आसपासचा प्रवाह छातीतून सेकंदभर गेला तर हृदयाची थरथर सुरू होऊ शकते. साठ वॅटचा जुना बल्ब दोनशे साठ मिलिअँपिअर प्रवाह घेतो. म्हणजे एका साध्या बल्बापुरती वीजही माणसाचा जीव घेण्यास पुरेशी आहे. अंग ओले असेल तर शरीराचा अडथळा हजार ओहमपर्यंत खाली येतो, आणि दोनशे तीस व्होल्टचा धक्का दोनशे तीस मिलिअँपिअर प्रवाह छातीत ढकलतो. कोरड्या हाताने वाचलेला माणूस पावसाळ्यात वाचत नाही, याचे कारण हे आहे.

ए.सी. आणि डी.सी. यांच्या वादाचेही उत्तर अशा प्रयोगांतून मिळाले. थरथर सुरू करण्यासाठी डी.सी. प्रवाह ए.सी.च्या साधारण तीन-चार पट लागतो. सेकंदाला पन्नास किंवा साठ आवर्तनांचा प्रवाह, म्हणजे जो घरोघर आहे तोच, हृदयाला फार बाधतो. याचा अर्थ डी.सी. निरुपद्रवी आहे असा मात्र नव्हे. रेल्वेच्या पंधराशे व्होल्टच्या डी.सी. तारेने ओल्या अंगातून दीड अँपिअर प्रवाह जाऊ शकतो, आणि तो कुणालाही पुरतो.

काट्याने काटा

कोवेनहोवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर व कुत्र्यांवर प्रयोग केले. थोड्या प्रवाहाने हृदय थरथरू लागते, हे त्यांनी पाहिले. पण खरी नवलाची गोष्ट पुढे होती. थरथरणाऱ्या हृदयाला पुन्हा एक, पहिल्यापेक्षा जोरदार धक्का दिला की सगळे तंतू एकदम आवळले जातात, क्षणभर सारे शांत होते, आणि मग हृदयाची स्वतःची गाठ पुन्हा इशारा देऊ लागते. पहिला धक्का मारतो, दुसरा तारतो. १८९९ साली जिनिव्हाच्या प्रेव्हो आणि बातेली या दोघांना कुत्र्यांच्या हृदयावर हेच दिसले होते, पण त्यांच्या लेखाकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नव्हते. हॉपकिन्सच्या मंडळींनी १९३३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि विस्मृतीत गेलेली ती गोष्ट पुन्हा पुढे आली.

कोवेनहोवन १९३० साली प्राध्यापक आणि १९३८ साली इंजिनिअरिंग शाखेचे डीन झाले. अधिकारपद, महायुद्धाचे दिवस, विद्यार्थ्यांची गर्दी यांत हृदयाचे काम मागे पडले. दरम्यान क्लीव्हलंडचे सर्जन क्लॉड बेक यांनी १९४७ साली एका चौदा वर्षांच्या मुलाच्या थरथरणाऱ्या हृदयाला शस्त्रक्रियेच्या वेळी विजेचा धक्का देऊन त्याला वाचवले. पण त्यासाठी छाती उघडलेली असावी लागे. खांबावरून पडलेल्या लाईनमनची छाती रस्त्यात कोण उघडणार? कोवेनहोवन यांना हवे होते ते बंद छातीवरून धक्का देणारे यंत्र, आणि तेही उचलून नेता येईल असे.

१९५० च्या दशकात वीज कंपन्यांच्या संघटनेने या कामाला पैसे पुरवले. सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना कोवेनहोवन इंजिनिअरिंग शाखेतून निवृत्त झाले. माणसे या वयात आरामखुर्ची शोधतात. यांनी मात्र त्याच विद्यापीठाच्या सर्जरी विभागात एक प्रयोगशाळा मिळवली आणि तिथे नव्याने कामाला बसले. बोस्टनचे डॉक्टर पॉल झोल यांनी १९५६ साली बंद छातीवरून माणसाच्या हृदयाची थरथर थांबवून दाखवली. १९५७ साली कोवेनहोवन यांचेही यंत्र हॉपकिन्सच्या रुग्णालयात तयार झाले. त्याचे वजन दोनशे पौंडांच्या घरात, म्हणजे सुमारे नव्वद किलो होते. चाकांवरून ढकलत न्यावे लागणारे ते यंत्र जिथे असेल तिथेच उपयोगी पडत होते. रुग्ण दुसऱ्या मजल्यावर असला तर वेळ निघून जाण्याचा धोका होता.

विद्यार्थ्याच्या नजरेतले निरीक्षण

१९५८ साली प्रयोगशाळेत गाय निकरबॉकर नावाचा तरुण इंजिनिअर विद्यार्थी कुत्र्यांवर प्रयोग करीत होता. यंत्राच्या धातूच्या जड पट्ट्या त्याने छातीवर जोराने दाबून धरल्या. विजेचा धक्का अजून दिलाही नव्हता. तरी रक्तदाब दाखवणारी रेघ किंचित वर गेल्याचे त्याच्या ध्यानात आले. दुसरा कुणी असता तर यंत्राचा दोष समजून त्याने ती गोष्ट सोडून दिली असती. त्याने ती आपल्या वृद्ध गुरूला सांगितली. गुरूनेही आपल्या विद्येचा मोठेपणा आड येऊ दिला नाही. नुसत्या दाबाने बंद हृदयातून रक्त पुढे सरकत असेल तर यंत्र येईपर्यंत माणूस जिवंत ठेवता येईल, हे कोवेनहोवन यांनी ओळखले.

मग तरुण सर्जन जेम्स ज्यूड त्यांना येऊन मिळाले. छातीच्या कोणत्या भागावर दाबावे, किती जोराने, मिनिटाला किती वेळा, हे सारे प्रयोग करून ठरवण्यात आले. १९५९ साली भूल दिल्यावर हृदय थांबलेल्या एका स्त्रीवर ज्यूड यांनी ही रीत वापरली. एरवी तिची छाती कापावी लागली असती. इथे नुसत्या दोन हातांच्या दाबाने तिची नाडी परत आली. ९ जुलै १९६० रोजी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात कोवेनहोवन, ज्यूड आणि निकरबॉकर यांचा लेख आला. त्यात वीस रुग्णांची हकिगत होती आणि त्यांपैकी चौदा जण वाचले होते. लेखाचा सारांश असा होता की यासाठी यंत्र नको, शस्त्र नको, दोन हात असले की कुठेही, कुणीही हे करू शकतो.

खरे सांगायचे तर १८९० च्या दशकात जर्मनीत मास नावाच्या सर्जनने छाती दाबून हृदय चालवल्याची नोंद आहे. पण ती रीत कुणी पुढे नेली नाही आणि ती विसरली गेली. शोध लागणे एक आणि तो लोकांच्या हाती पोहोचणे वेगळे. बाल्टिमोरमध्येच काम करणारे डॉक्टर पीटर साफार यांनी तोंडावाटे श्वास देण्याची रीत सिद्ध केली होती. १९६० मध्येच दाब आणि श्वास या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि ज्याला आज सर्व जग सी.पी.आर. म्हणते ते प्रथमोपचार तयार झाले. पुढे पोलीस, अग्निशामक दलाचे जवान, शाळकरी मुले, सर्वांना ते शिकवले जाऊ लागले.

ए.सी. आणि डी.सी. यांची अदलाबदल

येथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. कोवेनहोवन यांचे यंत्र ए.सी.वर चाले. परंतु १९६० च्या दशकाच्या आरंभी डॉक्टर बर्नार्ड लाऊन यांनी दाखवले की साठवून ठेवलेल्या डी.सी. विजेचा एकच झटका हृदयाला कमी इजा करतो आणि अधिक खात्रीने काम करतो. रशियातील नाऊम गुरविच यांनीही हाच मार्ग आधी चोखाळला होता. म्हणून रुग्णालये ए.सी.कडून डी.सी.कडे वळली आणि यंत्रेही पुष्कळ हलकी झाली.

रेल्वे मात्र उलट दिशेने गेली. त्याचे कारण साधे गणित आहे. एका गाडीला तीन हजार किलोवॅट शक्ती हवी असेल तर पंधराशे व्होल्टच्या तारेतून दोन हजार अँपिअर प्रवाह न्यावा लागतो. पंचवीस हजार व्होल्ट असतील तर एकशे वीस अँपिअरमध्ये तेच काम होते. प्रवाह कमी की तार बारीक, उष्णतेत वाया जाणारी वीज कमी आणि वीज उपकेंद्रे दूर दूर ठेवता येतात. फ्रान्समध्ये १९५० च्या दशकात पंचवीस हजार व्होल्ट, पन्नास आवर्तनांची ही पद्धत यशस्वी झाली. भारतीय रेल्वेनेही १९५७ साली हीच पद्धत स्वीकारली.

मुंबईच्या वाचकांना याचा जवळून अनुभव आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी तेव्हाच्या बोरीबंदर स्थानकापासून कुर्ल्यापर्यंत हार्बर मार्गावर भारतातली पहिली विजेची गाडी धावली, ती पंधराशे व्होल्ट डी.सी.वर. पश्चिम रेल्वेने २०१२ साली आणि मध्य रेल्वेने २०१६ पर्यंत आपल्या सर्व उपनगरी मार्गांवर पंचवीस हजार व्होल्टचा ए.सी. प्रवाह आणला. २०२२ साली कोकण रेल्वेचेही संपूर्ण विद्युतीकरण झाले. म्हणजे आज रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या गावांतूनही ही तार गेली आहे.

पालकांनी येथे नीट लक्ष द्यावे. पंचवीस हजार व्होल्टच्या तारेला हात लागावाच लागतो असे नाही. फार जवळ गेले तरी ठिणगी झेप घेऊ शकते. म्हणूनच रेल्वेच्या कामगारांनाही चालू तारेपासून दोन मीटरच्या आत काम करण्यास मनाई आहे. गाडीच्या टपावर चढणे, मालगाडीच्या डब्यावर उभे राहून फोटो काढणे, पुलावरून काठी, ओली दोरी किंवा पतंगाचा मांजा खाली सोडणे, आंबे काढायचा लांब बांबू उभा धरून रूळ ओलांडणे, हे सारे मृत्यूला बोलावणे आहे. या तारेचा धक्का घरच्या धक्क्यासारखा नसतो. शरीर भयंकर भाजते, माणूस उंचावरून फेकला जातो आणि हृदयही थांबते.

अखेरची वर्षे

हृदयाचे काम साधले तरी कोवेनहोवन लाईनमनना विसरले नाहीत. १९६० च्या दशकात उच्च दाबाच्या चालू तारांवर काम करणाऱ्या कामगारांच्या प्रकृतीवर विद्युत्‌क्षेत्राचा काही परिणाम होतो काय, याची त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह तपासणी केली. ज्या प्रश्नाने त्यांना पंचेचाळिशीच्या आत या वाटेवर आणले, त्याच प्रश्नाशी ते ऐंशीव्या वर्षीही इमान राखून होते.

मानसन्मान उशिरा आले. १९६१ साली त्यांना विद्युत अभियंत्यांचे एडिसन पदक मिळाले. १९६९ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने त्यांना वैद्यकशास्त्राची मानद पदवी दिली. ही पदवी मानद म्हणून देण्याची त्या विद्यापीठाची ती पहिलीच वेळ होती. तेव्हा ते त्र्याऐंशी वर्षांचे होते. १९७३ साली पॉल झोल यांच्यासह त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. १० नोव्हेंबर १९७५ रोजी, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आपण काय घ्यावे?

एखाद्या जीवाला वाचवण्याचे मोल आपल्या दीनने किती मोठे सांगितले आहे, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. पण नुसती इच्छा पुरत नाही, ज्ञानही लागते. कुणाला विजेचा धक्का बसला तर प्रथम त्याला हात लावू नये. मेन स्विच बंद करावा. ते शक्य नसेल तर घरच्या विजेच्या बाबतीत कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने वायर दूर करावी. रेल्वेच्या किंवा मोठ्या खांबावरच्या तारेच्या बाबतीत असले धाडस मुळीच करू नये. वीज बंद झाल्याची संबंधितांकडून खात्री होईपर्यंत दूर राहावे आणि ११२, १०८ किंवा रेल्वेच्या १३९ या क्रमांकावर कळवावे. प्रवाह तुटल्यावर माणूस हाका मारून हलत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल तर त्याला उताणे निजवून छातीच्या मध्यभागी, हाडावर, दोन्ही हात एकावर एक ठेवून सुमारे दोन इंच खोल, मिनिटाला शंभर ते एकशे वीस वेळा दाबावे. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. मदत येईपर्यंत थांबू नये, थकल्यास दुसऱ्याने हात द्यावा. शिकलेल्याने मध्ये मध्ये तोंडावाटे श्वासही द्यावा. प्रत्येक वेळी यश येईलच असे नाही. पण काहीच केले नाही तर हातचा माणूस जवळजवळ निश्चित जातो. ही रीत वाचून पुरती येत नाही. ती जाणकाराकडून एकदा हातांनी करून शिकावी. शाळेच्या एका दुपारीत ती शिकता येते.

आपल्या समाजातील पुष्कळ मुले आय.टी.आय.मधून वायरमनचा धंदा शिकून मुंबईत आणि आखाती देशांत कामाला जातात. काही इंजिनिअर होतात, काही मुली डॉक्टर आणि नर्स होतात. या सर्वांसाठी प्रा. कोवेनहोवन यांच्या चरित्रात एक धडा आहे. हे आमचे काम नव्हे, ही आमची शाखा नव्हे, आता आमचे वय झाले, ही तीन वाक्ये त्यांनी कधी उच्चारली असती तर १९६० चा तो लेख लिहिला गेला नसता. त्यांनी खांबावर मरणाऱ्या मजुराचा प्रश्न आपला मानला, डॉक्टरांकडून शरीर शिकले, विद्यार्थ्याने दाखवलेली लहानशी गोष्ट मोठी मानली आणि जे हाती आले ते सर्वांना देऊन टाकले.

या अंकातील हा लेख वाचून झाल्यावर पालकांनी घरात एवढे करावे. आपल्या घराचा मेन स्विच कुठे आहे तो मुलामुलींना दाखवावा आणि अर्थिंग ठीक आहे की नाही हे चांगल्या वायरमनकडून तपासून घ्यावे. आणि मुलांनी आपल्या मुख्याध्यापकांपाशी सी.पी.आर.चा वर्ग घेण्याचा आग्रह धरावा. आपल्या दोन हातांचा असा उपयोग करण्याची वेळ कुणावरही न येवो. पण आली, तर ते हात शिकलेले असावेत.